रिकाम्या पारड्याची चाचणी

हे कुणालाही खरं वाटणार नाही, आणि वाटावं अशी अपेक्षाही नाही. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतले निम्मे तोंडावर हसले आणि उरलेले दाराबाहेर गेल्यावर. पण तुमचा काटा तपासून व्हायला अजून अर्धा तास आहे, आणि या बाकावर बसून समोरच्या भिंतीकडे तरी किती वेळ बघणार? तर ऐका. वीस किलोच्या एका बिडाच्या वजनाला सोळा कॉलेजांनी पदवीसाठी प्रवेश दिला. त्यातल्या एकाने तर उत्तम खेळाडू म्हणून खास जागा देऊ केली.

हसून घ्या. वजनाची हकीगत नंतर, आधी जिच्यामुळे हे घडलं तिची.

तराजू आणि काटे दुरुस्त करायचे, तपासायचे आणि खरे असल्याचा दाखला द्यायचा, असं काम करणारं एक दुकान. त्यात ती सोळा वर्षं कामाला. तिला सगळे झिरोताई म्हणत. काटा सोनाराचा असो की भंगारवाल्याचा, ती आधी पारडं पुसायची, दोन पावलं मागे सरायची, हाताची घडी घालायची आणि नुसती बघत राहायची. वर काहीच नसताना काटा काय म्हणतो, ते तिला पहिल्यांदा हवं असायचं. झिरोवर गप्प राहिला तर पुढचं काम. रिकाम्या पारड्यावर एखादा आकडा नुसता लुकलुकला तरी तिची भुवई वर जायची. "काही दिलं नाही तरी बोलतोय," असं म्हणून ती पेचकस हातात घ्यायची. लग्नाआधी नवऱ्याला पहिल्यांदा भेटली तेव्हाही म्हणे पंधरा मिनिटं ती अवाक्षर बोलली नाही. त्याने तेवढ्यात समोरच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली आणि पुन्हा गप्प बसला. तिने घरी जाऊन होकार कळवला.

दुकान काकांचं. तिचे सख्खे काका नव्हेत, साऱ्या बाजाराचेच काका. त्यांच्याविषयी फार सांगत नाही. देखणा माणूस, नुसत्या तळहातावर तोलून ग्रॅमचा फरक सांगणारा, आणि इतका विनयशील की स्वतःची स्तुती ऐकतानाही मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकतो. काटा ती तपासायची, काका त्यावर एकदा नजर फिरवायचे आणि दाखल्यावर सही करायचे. सोळा वर्षांत कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग एका सोमवारी वजन-मापांच्या कार्यालयातून पत्र आलं. यापुढे दाखल्यावर सही पदवीधराचीच चालेल. काकांना वयाकडे पाहून सूट, पण तीही वर्ष संपेपर्यंत. ज्याला पदवी नाही आणि तरी सही करायची आहे, त्याने मान्यताप्राप्त कॉलेजात पदवीसाठी नाव घातल्याचा पुरावा शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवावा. पदवी हातात येईपर्यंत त्याची सही तात्पुरती धरली जाईल. कॉलेज बिनमान्यतेचं निघालं तर सहीचा हक्क गेला, आणि पुन्हा अर्ज करता येणार नाही.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ते काकांच्या पुतण्याने वाचलं आणि त्याच्या चेहऱ्यावर समजूतदारपणा पसरला. पुतण्या पदवीधर होता. कशातला, ते त्यालाही एका दमात सांगता येत नसे. वर्षापूर्वी त्याने एका मासळीवालीचा काटा झिरोवर आणला तेव्हा त्याचं स्वतःचं कोपर पारड्यावर टेकलेलं होतं, आणि त्या बाईने महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला कोपराएवढी मासळी जास्त दिली. वाईट माणूस नव्हे तो. म्हणूनच तो जे बोलला ते जास्त लागलं.

"ताई, तुम्ही कशाला डोकं शिणवताय," तो म्हणाला. "तपासायचं तुम्ही, सही मी करत जाईन."

तिने मान डोलावली, आणि एक काटा उचलून आत गेली. तो काटा सकाळीच तपासून झालेला होता. तिने तो पुन्हा तपासला. काटा खरा करायचा आपण, आणि तो खरा आहे असं जगाला सांगायचं ज्याला स्वतःचं कोपर कळत नाही त्याने. काकांची सही होती तोवर तिला कधी काही वाटलं नव्हतं, कारण काका पाहून सही करायचे. आता पहिल्यांदाच तिला त्या कागदाच्या तळाशी स्वतःचं नाव हवंसं वाटलं, आणि एकदा वाटल्यावर ते काही जाईना. दिवसभर दुकान, संध्याकाळी घर. कॉलेजात जाऊन बसायला वेळ कुठला? म्हणजे घरबसल्या शिकवणारं, ऑनलाइन. ते शनिवारच्या आत शोधायचं, आणि पहिल्याच फटक्यात बरोबर शोधायचं.

सोमवारी संध्याकाळी तिने फोनवर एक चौकशीचा फॉर्म भरला. एकच. ‘तुमच्यासाठी योग्य कॉलेज कोणतं, आम्ही सांगतो,’ असं त्यावर लिहिलं होतं. नाव टाकलं, नंबर टाकला, आणि बटणावरून बोट उचलायच्या आत फोन वाजला.

त्यानंतर तो थांबलाच नाही. मंगळवारी दुपारपर्यंत चारशे बारा फोन आले. फोन एवढा तापला की सासूबाईंनी त्यावर तीन रुमालांना इस्त्री केली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये लोंबकळत असताना लिफ्टमधला संकटकाळचा फोन वाजला, आणि पलीकडून एका गोड आवाजाने विचारलं की ताईंची जागा पक्की करायची का. मंगळवारी दिवसभर सासूबाईंनी फोन स्वतःकडे ठेवला. त्यांना माणसांशी बोलायची आवड, आणि इतकी माणसं आपणहून फोन करताहेत म्हटल्यावर त्यांचे ते सोन्याचे दिवस होते. तिघांना त्यांनी सर्दीवरचा उपाय सांगितला. एका काउन्सेलर मुलीचं लग्न मोडलं होतं, तिला दीड तास धीर दिला आणि शेवटी तिच्याकडूनच वदवून घेतलं की ही नोकरी सोडलेली बरी. कॉलेज निवडण्याची त्यांची कसोटी मात्र एकच. पदवीदानाच्या वेळी झगा कुठल्या रंगाचा देतात?

"काळा नको," त्या सुनेला बजावत होत्या. "तुला काळा उठून दिसत नाही."

बुधवारपर्यंत तिने अठरा कॉलेजं एका वहीत लिहून काढली. अठराच्या अठरा पहिल्या क्रमांकाची. अठराही मान्यताप्राप्त, अठरांचे विद्यार्थी हसरे, आणि बारकाईने पाहिलं तर त्यातल्या पाच ठिकाणी हसणारी मुलगी एकच. तिने रकाने आखले, खोडले, उभे होते ते आडवे केले. जेवताना एका हाताने फोनवरची पानं सरकवत राहिली. रस्त्याने चालता चालता थांबायची, फोन काढायची, दोन ओळी वाचायची, पुन्हा चालायची. एकदा तर एका केशकर्तनालयात शिरून खुर्चीवर बसली, आणि गळ्याभोवती कापड गुंडाळल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण बसथांब्यावर नाही. दुकानात तिचा हात कुठेच ठरेना. भाजीवाल्याचा एकच काटा तिने तीनदा उघडला. भाजीवाला म्हणाला, ताई, त्यात काही सापडलं तर मला पण सांगा.

काका सगळं बघत होते. बोलत नव्हते, ही त्यांची थोरवी.

गुरुवारी सकाळी एक नवा काटा आला. तिने पारडं पुसलं, दोन पावलं मागे सरली, हाताची घडी घातली, आणि तशीच उभी राहिली. काटा झिरोवर स्थिर झाला तरी ती हलली नाही. मग ती वळली, वही उघडली आणि फोन उचलला.

तिला सुचलेली युक्ती अशी, की कॉलेजाला फोन लावायचा आणि काहीच बोलायचं नाही. आपण काही दिलं नाही तर पलीकडचा काटा किती हलतो, ते बघायचं.

पहिल्या कॉलेजाने तीनदा हॅलो म्हटलं आणि मग योग्य निर्णय घेतल्याबद्दल तिचं अभिनंदन केलं. दुसऱ्याने तिचं गप्प बसणं हा संकोच समजून, अशा शांत विद्यार्थ्यांसाठी आमच्याकडे वेगळा वर्ग आहे, असं सांगितलं. तिसरीकडे यंत्राचा आवाज होता. तो म्हणाला, आपण दोन दाबलं आहे, धन्यवाद. तिने काहीच दाबलं नव्हतं. चौथ्या ठिकाणचा गृहस्थ पाच मिनिटं कॉलेजाची महती गात राहिला, मग त्याला धाप लागली, मग त्याने आवाज खाली आणला आणि कबूल केलं की तो स्वतः दुसरीकडे शिकतो. सहावीने तिला मानसशास्त्रात घातलं, नवव्याने व्यवस्थापनात, आणि अकराव्याने तर न बोलणाऱ्या बाईच्या न जन्मलेल्या जुळ्यांसाठी वीस वर्षांनंतरच्या दोन जागा राखून ठेवल्या. प्रत्येक फोननंतर ती वहीत एक शब्द लिहायची: बोलतोय. बोलतोय. फार बोलतोय.

अठराव्या कॉलेजाचा फोन दोनदा वाजला आणि उचलला गेला.

कुणी हॅलो म्हटलं नाही. तीही बोलली नाही. पलीकडे दूर कुठे पंखा फिरत असल्यासारखी घरघर येत होती, बस. एक मिनिट गेलं. तीन गेली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच. तिच्या अंगावर काटा आला. सोळा वर्षांत इतका स्थिर झिरो तिने दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही काटे सोनारांचे होते. अकरा मिनिटं दोघांपैकी कुणीही बोललं नाही, आणि शेवटी तिने फोन इतक्या हळू ठेवला, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. सोमवारनंतर पहिल्यांदा तिचा पाय टेबलाखाली हलत नव्हता. सासूबाईंनी झग्याचा रंग विचारला तर म्हणाली, विचारला नाही, पण चांगलाच असणार.

शुक्रवारी सकाळी ती दुकानात आली ती फोन हातात धरूनच. अठराव्या कॉलेजाचा फॉर्म शेवटच्या पायरीपर्यंत भरलेला होता, एक बटण दाबायचं राहिलं होतं. तिने काकांना सगळं सांगितलं: सतरा कसे बडबडले, आणि हा कसा अकरा मिनिटं झिरोवर उभा राहिला. काका एका जुन्या काट्याची स्प्रिंग बसवत होते. त्यांनी ती बसवली, पुन्हा काढली, आणि मान वर न करता बोलले.

"बंद पडलेला काटासुद्धा झिरोच दाखवतो."

तिला कळलं नाही, असं नाही. कळलं, म्हणून तर राग आला. ती म्हणाली की बंद काटा आणि खरा काटा यातला फरक मला शिकवू नका.

"नाही शिकवत," काका म्हणाले. "झिरो पाहिलास. वजन ठेवलंस का?"

आता बघा, ही आमच्या धंद्यातली पहिल्या आठवड्याची गोष्ट. आधी रिकामं पारडं, मग माहीत असलेलं वजन. नुसत्या झिरोवर दाखला देणारा माणूस दुकानात दुसऱ्या दिवशी टिकत नाही. तिने हजारो काट्यांवर हे केलं होतं. पण चार दिवस सतत कानाशी बडबड ऐकल्यावर शांततेलाच ती खरेपणा समजून बसली होती.

तिने तिथल्या तिथे पुन्हा नंबर लावला. उचलला गेला. या वेळी ती बोलली. नाव सांगितलं, वय सांगितलं, मान्यता कुणाची आहे ते विचारलं. घरघर. मोठ्याने विचारलं. घरघर. मग तिने कॉलेजाचा पत्ता पाहिला. बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर होता. ती पदर खोचून निघाली, आणि पुतण्याने मागून काही विचारलं ते तिने ऐकलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर लांबलचक बोळ होता, फिनाईलने नुकताच पुसलेला. शेवटचं दार काचेचं, आतून कुलूपबंद. तिने काचेला कपाळ लावलं. एक टेबल. पाठ फिरवलेली एक खुर्ची. दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, तेही एकाच महिन्यावर अडकलेलं. वर पंखा फिरत होता, आणि टेबलावर एक फोन. रखवालदार म्हणाला की ती माणसं कधीच गेली, जाताना पंखा बंद करायला विसरली. बाई, बिल कोण भरतं ते मलाही माहीत नाही.

तिने बोळात उभं राहून नंबर लावला. काचेपलीकडे फोनवरचा लाल दिवा लागला. दोनदा वाजला, आणि आपोआप उचलला गेला. तिच्या कानात पंख्याची घरघर आली, आणि तोच पंखा डोळ्यांसमोर फिरत होता. एका बटणाने तिची सही आयुष्यभरासाठी या खोलीत कुलूपबंद झाली असती.

येताना बसमध्ये जागा होती, तरी ती उभी राहिली.

शनिवारी सकाळी नऊ वाजता तिने वही उघडली. सतरा उरले होते, आठ तास होते. ठेवायचं तर वजन असं हवं की ज्याच्याबद्दल आपल्याला तिळमात्र शंका नाही. तिची नजर दुकानभर फिरली आणि कोपऱ्यात थांबली. तिथे ठोकळराव उभे होते.

ठोकळराव म्हणजे दुकानातलं वीस किलोचं बिडाचं वजन. डोक्यावर कडी, पोट सुटलेलं, आणि एकतीस वर्षांत जागचे हललेले नाहीत म्हणून हे नाव. तिने ठोकळरावांच्या नावाने फॉर्म भरायला घेतला, आणि त्यात एक अक्षर खोटं लिहिलं नाही. वय एकतीस. शिक्षण नाही. व्यवसाय, पारड्यावर उभं राहणं. भाषा, एकही नाही. छंद, नाही. उंची एक वीत. फोटोच्या जागी फोटो. जन्मदाखल्याच्या जागीही तोच फोटो, मागच्या बाजूने. सतरा ठिकाणी धाडून दिला.

फोन घ्यायला सासूबाईंना दुकानात आणून बसवलं होतं. साडेनऊला पहिला आला. साहेब आहेत का, असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, आहेत, पण कोपऱ्यात उभे आहेत, बोलत नाहीत. पलीकडून उत्तर आलं की हरकत नाही, अशा धीरगंभीर व्यक्तिमत्त्वाचीच आम्हाला गरज आहे. दुसऱ्याने त्यांच्या एकतीस वर्षं एकाच जागी टिकण्याचं कौतुक केलं आणि त्यांना मनुष्यबळ विषयात घेतलं. तिसऱ्याने फोटो पाहून भारोत्तोलनातली खास जागा दिली. एकाने विचारलं, लग्न झालंय का, जोडीने घेतलंत तर सोयीचं पडेल. सासूबाईंनी शेजारच्या दहा किलोकडे पाहिलं आणि म्हणाल्या, अजून बोलणी चालू आहेत. अकरापर्यंत दहा, बारापर्यंत सोळा. ठोकळराव सोळा ठिकाणी विद्यार्थी झाले, आणि त्यांची कडीसुद्धा हलली नाही.

झिरोताई वहीत एकेक नाव खोडत होती. तिला हसू येत नव्हतं. सतरावं तेवढं उरलं होतं. त्यांनीही हो म्हटलं, तर पाच वाजता सही पुतण्याची. बारा वाजले, एक वाजला. ती दारापर्यंत जायची, परत यायची, ठोकळरावांवरची धूळ पुसायची. दोन. तीन. पुतण्या हळूच म्हणाला की ताई, जेवून तरी घ्या. तिने त्याला दहा किलो उचलून दुसरीकडे ठेवायला लावलं, आणि मग परत पहिल्या जागी ठेवायला लावलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. सासूबाईंनी घेतला, ऐकला, आणि लगेच सुनेपुढे धरला.

एका बाईचा कोरडा, दमलेला आवाज होता. "ठोकळराव कोण? तुमच्या फॉर्मला शाळेच्या शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका जोडलेली नाही. जन्मदाखल्याच्या जागी लोखंडाचा फोटो आहे. असा प्रवेश होत नाही."

झिरोताईने डोळे मिटले. मग विचारलं, "होत नाही म्हणजे अगदीच नाही?"

"अगदीच नाही."

"काहीतरी मार्ग असेल की."

"बाई, शनिवार आहे. मला अजून नव्वद फॉर्म बघायचेत. गुणपत्रिका नाही तर प्रवेश नाही."

वीस किलो ठेवले होते आणि काट्याने वीस दाखवले होते. तिने खुर्ची ओढली आणि या आठवड्यात पहिल्यांदाच नीट टेकून बसली. मग तिने स्वतःचं वजन ठेवलं. म्हणाली, ठोकळराव राहू द्या, मला शिकायचंय. वय एकेचाळीस. शाळेत गणितात कशीबशी पास झाले. वर्षात पदवी मिळेल का?

नाही, तीन वर्षं. परीक्षेविना? नाही, वर्षातून दोनदा केंद्रावर जाऊन बसावं लागेल, घरातून चालणार नाही. गणित? पहिल्या वर्षाला आहे, चुकवता येत नाही, पुष्कळ लोक त्यातच अडकतात. नोकरी करून जमेल? काहींना जमतं, काही सोडून देतात. आमच्याकडे शंभरातले चाळीस सोडतात. तिने विचारलं, मान्यता आहे ना, आणि वहीत पेन टेकवून थांबली, कारण या प्रश्नाला सोळा जणांनी एका श्वासात हो म्हटलं होतं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती बाई म्हणाली. "आमच्या पानावर काय लिहिलंय त्यावरही नाही. मान्यता देणाऱ्या मंडळाची स्वतःची यादी आहे, त्यात आमचं नाव शोधा. शेजारी मुदत दिली आहे, तीही बघा. मी फोन धरून थांबते."

थांबली ती. झिरोताईने यादी उघडली, बोट एकेका ओळीवरून खाली नेलं. चौऱ्याहत्तराव्या ओळीवर नाव होतं, पुढे चार वर्षांची मुदत. मग तिने वहीतली बाकीची सोळाही नावं शोधली. सहा होती, दहा नव्हतीच.

"सापडलं?" आवाज म्हणाला.

"सापडलं."

"मग गुणपत्रिका पाठवा. साडेचारला मी खिडकी बंद करते."

आणि इथे सगळं फिसकटायची वेळ आली, कारण गुणपत्रिका. तेवीस वर्षांपूर्वीचा कागद. माहेरी असेल, कपाटात असेल, घर बदललं तेव्हा गेला असेल. ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. नवऱ्याला फोन लावला, तो कुठल्याशा मजल्यांच्या मध्ये होता, लागेना. साडेतीन वाजले.

सासूबाईंनी मांडीवरची पर्स उघडली. त्यातून चष्म्याची डबी काढली, औषधाच्या गोळ्या काढल्या, एक कंगवा काढला, आणि तळातून प्लास्टिकच्या पिशवीत सरळ ठेवलेला तो कागद काढला.

"सोमवारपासून घेऊन फिरतेय," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलंच नाही."

गणितात पस्तीस होते. पुतण्याने फोटो काढून दिला, हात जराही न हलवता. तेवढं त्याला उत्तम जमलं. चार वाजून एकोणीस मिनिटांनी फॉर्म शेवटच्या पायरीला आला. तिने फोन काट्याच्या टेबलावर ठेवला, दोन पावलं मागे सरली, हाताची घडी घातली आणि त्या बटणाकडे बघत राहिली. मग तिने पुढे होऊन ते दाबलं.

पाचला सात मिनिटं कमी असताना पुरावा वजन-मापांच्या कार्यालयात पोहोचला. आणि त्याच क्षणी, हे मात्र मी स्वतः पाहिलेलं आहे, दुकानातले एकोणचाळीसच्या एकोणचाळीस काटे, बिघडलेले, उघडलेले, स्प्रिंग नसलेले सुद्धा, आपणहून झिरोवर येऊन थांबले. नंतरच्या तीन वर्षांचं काय सांगावं? सकाळी दुकान उघडायच्या आधी अभ्यास, जेवताना अभ्यास. गणिताचा पेपर तिने असा लिहिला की परीक्षकाने उठून तिच्याशी हात मिळवला. विद्यापीठात पहिली आली. पदवीदानाला झगा निळा होता, सासूबाईंच्या पसंतीचा, आणि ठोकळरावांना हातगाडीवरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं होतं. त्या कोरड्या आवाजाच्या बाईने त्यांना पाहताक्षणी ओळखलं. तेव्हा आज तुम्हाला जो दाखला मिळेल, त्याच्या तळाशी सही बघा. शेजारी पदवीची अक्षरं आहेत, ठसठशीत, गेल्याच महिन्यात मिळालेली...

आतल्या टेबलावर तुमच्या काट्यावर वाकलेल्या बाईने पेचकस खाली ठेवला.

"खोटं," ती म्हणाली. "अजून दोन पेपर राहिलेत, काका."